अठ्ठावन्न दिवस शून्य

कादोवाकी-सानना शाळेनं काढलं नाही, असं शाळेचं म्हणणं आहे. करार संपला म्हणे. दरवर्षी मार्चमध्ये संपायचा आणि दरवर्षी एप्रिलमध्ये पुन्हा व्हायचा, साठी उलटल्यापासून चार वर्षं हेच चाललं होतं. यंदा तो संपला आणि संपलाच. मी ऑफिसात जाऊन विचारलं तर उत्तर मिळालं, "कात्सुबे-सान, निर्णय वरून आला आहे." वरून म्हणजे कुठून हो? आमच्या शाळेत वरच्या मजल्यावर विज्ञानाची खोली आहे आणि तिच्यात हाडांचा एक सापळा उभा आहे. त्यानं घेतला असेल निर्णय.

मी हिसाए कात्सुबे. सत्तावीस वर्षं या शाळेचं स्वयंपाकघर सांभाळते आहे. एकशे बारा मुलं, सोळा मोठी माणसं, रोज दुपारचं गरम जेवण. मुलं मला जेवणाच्या मावशी म्हणतात. मी तोंडाची फटकळ आहे, ते मला माहीत आहे, कुणी नव्यानं सांगायला नको. कादोवाकी माझ्या अगदी उलटे. दिवसाला वीस वाक्यं बोलत असतील, त्यातली दहा झाडांशी.

त्यांना शिपाई म्हणा, माळी म्हणा, सुतार म्हणा, शाळेतलं जे मोडतं, गळतं, अडकतं ते सगळं त्यांचं. मुलं त्यांना कादोजी म्हणायची, कादो आजोबा. त्याआधी चोवीस वर्षं ते नदीवरच्या कागदगिरणीत होते. जुना कागद पाण्यात भिजवून त्याचा लगदा करायच्या हौदावर त्यांचं काम. गिरणी बंद पडली आणि पंचेचाळिसाव्या वर्षी हा माणूस आमच्या शाळेत झाडू घेऊन उभा राहिला. पहिल्याच आठवड्यात ते माझ्या मागच्या दारी आले. हातात दुधाचं एक रिकामं खोकं होतं, जेवणाबरोबर मुलांना मिळतं ते. म्हणाले, "हा फार चांगला कागद आहे. लांब धाग्याचा. हा तुम्ही जाळता?"

आम्ही जाळत होतो. रोजची एकशे अठ्ठावीस खोकी, वर्षानुवर्षं.

महिनाभरात त्यांनी व्हरांड्यातल्या नळाशी तीन टब मांडले. दूध पिऊन झालं की खोकं पहिल्या टबात खळबळायचं, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात, आणि जाळीवर उपडं घालायचं. चौथी ते सहावीची मुलं वाळलेली खोकी कात्रीनं कापून सपाट करत. धाकट्या तीन वर्गांच्या हातात कात्री द्यायची नाही, म्हणून ती नुसती धुऊन, दुमडून पोत्यात टाकत आणि कादोवाकी दुपारी आपल्या खोलीत शेगडीपाशी बसून ती एकेक उघडत. गठ्ठे दुसऱ्या एका गिरणीत जात आणि बदल्यात शाळेच्या संडासासाठी कागदाची रिळं येत. प्रत्येक मुलानं खोक्याच्या बुडाशी न पुसणाऱ्या शाईनं आपला वर्ग आणि हजेरी नंबर लिहायचा, हा त्यांचाच नियम. नीट न धुतलेलं खोकं दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या बाकावर येऊन बसलेलं असायचं. ओरडणं नाही, चिठ्ठी नाही, नुसतं खोकं. त्याचा मुलांना जेवढा धाक होता तेवढा कुठल्याही हेडमास्तरांचा मी पाहिला नाही. एकोणीस वर्षांत गिरणीनं आमचा एक गठ्ठाही परत पाठवला नाही. थंडीत त्यांच्या बोटांना भेगा पडायच्या, मी मलम द्यायची, ते वाकून आभार मानायचे आणि मलम खिशात ठेवून द्यायचे.

तर असं सगळं चांगलं चाललेलं होतं. आणि मग आओतो हेडमास्तर आले.

माणूस वाईट नाही, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं गोड. आल्या आल्या त्यांनी 'शून्य शिल्लक' मोहीम काढली. सलग साठ दिवस वर्गाचं ताटात, पातेल्यात काही म्हणजे काही उरता कामा नये. साठ दिवस झाले की शिक्षण कार्यालयाची माणसं बघायला येणार आणि शाळेचं नाव होणार. दाराशी बुटांच्या कप्प्यांवर हा मोठा तक्ता लागला. प्रत्येक वर्गाची एक होडी, आणि शून्याच्या प्रत्येक दिवसाला होडीत एक मासा चिकटवायचा. बंदरातली पोरं आमची, माशांवर जीव. उरलेल्याचं वजन रोज मी करायचं आणि वहीत मी लिहायचं, ते तर मी आधीपासूनच करत होते.

खरं सांगते, मी हुरळून गेले. पातेली इतकी लखलखीत परत येऊ लागली की घासायला हात लागू नये. म्हटलं, बाई गं, सत्तावीस वर्षांनी पोरांना माझ्या हातची चव कळली! पालक परत नाही, गाजर परत नाही, कलेजीच्या दिवशीसुद्धा पातेलं चाटून पुसून! मी घरी जाऊन नवऱ्याला सांगायची. आज ते आठवलं की माझं मलाच तोंड लपवावंसं वाटतं.

डिसेंबरपर्यंत बाकीच्या वर्गांच्या होड्या बुडाल्या. कुठे कुणी आमटी ठेवली, कुठे भात राहिला. तिसरीची तेवढी तरंगत होती. चोवीस मुलं, आणि त्यांच्या होडीत शाळेची सगळी अब्रू. हेडमास्तर रोज जाता-येता तक्त्यापाशी थांबायचे आणि मासे मोजायचे.

आता पूर्वी कसं होतं, ज्याला जेवढं झेपेल तेवढंच त्यानं जेवायच्या आधी सांगून वाढून घ्यायचं, उरलेलं दांडगी पोरं मागून घ्यायची. मोहिमेत ते बंद झालं. पातेल्यात राहिलं तर तेही उरलेलंच ना! म्हणून चोवीस समान वाटे, कुणी कमी घ्यायचं नाही. याला हेडमास्तर न्याय म्हणायचे.

त्या वर्गात चिसातो फुकुमा नावाची मुलगी होती. अजूनही आहे, देवाची कृपा. नऊ वर्षांची, चिमणीएवढी, आणि घशाखाली घास उतरायला तिला इतरांच्या दुप्पट वेळ. आई मासळीबाजारात पहाटेपासून राबते. पोर हट्टी नाही, लाडावलेली नाही, हळू जेवते एवढाच तिचा गुन्हा. आमच्याकडे जेवण झालं की झाडलोट असते, सगळी मुलं बाकं मागे ढकलतात आणि वर्ग झाडून काढतात. मोहिमेच्या पहिल्या आठवड्यापासून चिसातोचं बाक मधे एकटं उरायचं. चारी बाजूंनी झाडू चाललेत, धूळ उडते आहे आणि त्या धुळीत हे लेकरू ट्रेपुढे मान खाली घालून चावतं आहे, चावतं आहे. पोरं झाडू मारता मारता म्हणायची, "आटप ना! तुझ्यामुळे साखळी मोडेल!"

मी एकदा न राहवून आत गेले. सुतो बाई, त्यांची वर्गशिक्षिका, सव्वीस वर्षांची, नोकरीचं तिसरं वर्ष. म्हटलं, "बाई, द्या तो ट्रे इकडे. धुळीत काय जेवायचंय?"

"कात्सुबे-सान, सत्तेचाळिसावा दिवस आहे हो," त्या म्हणाल्या. जवळजवळ रडकुंडीला आल्या होत्या.

आणि मी काय केलं? ट्रे हिसकावून घेतला? नाही. एवढं फटकळ तोंड माझं, पण त्या दिवशी मूग गिळून गाडी ढकलत निघून आले. हे मी लपवणार नाही.

बावन्नाव्या दिवशी, सोमवारी, मिसोच्या खारट रश्शात शिजवलेला बांगडा होता. चिसातोनं तो संपवला. मग बुटांच्या कप्प्यांपाशी, त्या तक्त्याच्या अगदी खाली, तिला भडाभडा ओकारी झाली. मी फडकं घेऊन धावले. पुसून झाल्यावर हेडमास्तरांना विचारलं, "आता आज काय लिहू?"

ते म्हणाले, "खाल्लं तर होतं ना? मग शून्यच."

आणि मासा चिकटला! अहो, पोरीची आई तिला घ्यायला यायच्या आत तो मासा चिकटला! माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की विचारू नका. पण वहीत मी शून्य लिहिलं. माझ्याच अक्षरात आहे.

मंगळवारी चिसातो शाळेत आली नाही. बुधवारीही नाही. पातेलं परत द्यायला आलेला तिसरीतला एक मुलगा मला म्हणाला, "मावशी, आता सोपं जाईल." तो वाईट मुलगा नाही. आपण काय बोललो हे त्याला कळलंसुद्धा नाही, म्हणून तर मला जास्त राग आला. नऊ वर्षांच्या पोरांना हे कुणी शिकवलं?

या सगळ्यात कादोवाकी कुठे होते? जानेवारीत त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, ते रजेवर होते. तेवढे दिवस धाकट्या वर्गांची दुमडलेली खोकी पोत्यांत भरून मागच्या पडवीत साठली. बाहेर बर्फाचा चिखल, सगळं गारठलेलं, कसला वास येणार? ते परत आले ते जड उचलायचं नाही अशी ताकीद घेऊन. मग बसून करायचं काम म्हणून त्यांनी ती पोती एकेक करून शेगडीपाशी ओढून घेतली.

गुरुवारी दुपारी ते माझ्या मागच्या दारी आले. टोपी हातात होती. "हिसाए-सान, जरा येता?"

त्यांच्या खोलीत पाय ठेवला आणि मी नाकाला पदर लावावा तसा एप्रन लावला. जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली होती, त्यावर तिसरीची खोकी नंबरवार मांडली होती, कापून उघडलेली. आत पालक. आत गाजर. बांगड्याची कातडी, बुटाच्या तळव्यासारखी वाळलेली कलेजी, भाताचे गोळे, त्यावर हिरवी बुरशी. दूध प्यायचं, वरचं तोंड उघडायचं, नको ते आत कोंबायचं आणि खोकं दाबून सपाट करायचं. कादोजी तर दवाखान्यात, उघडणार कोण? व्हरांड्यातला नळ का तुंबतो हेही तेव्हा कळलं. पातळ आमटी तिथे जात होती.

"किती?" मी विचारलं.

"तिसरीचं अकरा किलो. अजून एक पोतं आहे."

माझी लखलखीत पातेली! माझी चव! सगळं इथे कुजत पडलं होतं. आणि मी तोंड वर करून रोज शून्य लिहीत होते.

कादोवाकींनी एका रांगेकडे बोट दाखवलं. शेवटची रांग, नंबर सतरा. सगळी खोकी कोरी, स्वच्छ, कडा जुळवून दुमडलेली. वासही नाही.

"सतरा कोण?" मी विचारलं, पण मला आधीच कळलं होतं.

"फुकुमा चिसातो," ते म्हणाले. "बाकी प्रत्येकाच्या एकदा तरी आहे. हिच्या एकदाही नाही."

म्हणजे ऐका. तेवीस जणांनी लपवलं आणि त्यांच्या होडीत मासे. एकीनं, एकटीनं, खरोखर खाल्लं, धुळीत बसून खाल्लं, ओकेपर्यंत खाल्लं, आणि वर्ग बुडवणारी म्हणून ती घरात तोंड लपवून बसलेली! मी त्या खोलीत जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. कादोवाकी ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मुलांचा काय दोष? त्यांना दुसरी वाटच ठेवली नाही."

शुक्रवारी आम्ही दोघं हेडमास्तरांकडे गेलो. सुतो बाईंनाही बोलावलं होतं. मी वही टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "हे शून्य खोटं आहे. अकरा किलो माझ्या काट्यावर यायला हवं."

आओतोंनी शांतपणे वही मिटली. "कात्सुबे-सान, उरलेलं अन्न म्हणजे काय? जे पातेल्यातून आणि ट्रेमधून स्वयंपाकघरात परत येतं ते. नियमात तसंच लिहिलं आहे. हे तर खोक्यांतून निघालं. हा कागदाचा कचरा झाला."

"त्या कागदाच्या कचऱ्याला बांगड्याचा वास येतोय!"

"त्याचाच विचार करतोय मी," ते म्हणाले. "स्वच्छतेच्या दृष्टीनं हे बरोबर नाही. सोमवारपासून धाकट्या वर्गांची खोकी धुवायचीही नाहीत, उघडायचीही नाहीत. सरळ जाळायच्या कचऱ्यात घाला. पुढच्या शुक्रवारी कार्यालयाची माणसं येऊन जाऊ देत, मग सावकाश बघू."

मला आधी वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. कचरा कमी करायची मोहीम, आणि ती टिकावी म्हणून चांगला कागद जाळायचा! एकोणीस वर्षांचं काम, आणि या माणसानं ते एका वाक्यात भट्टीत घातलं, तेही आवाज न चढवता!

सुतो बाई इतका वेळ खाली बघत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "कुणाकुणाचे नंबर होते?"

मी कादोवाकींकडे बघितलं. त्यांनी नंबर सांगितले असते तर तेवीस पोरं एका रांगेत उभी राहिली असती.

"शाई गेली," ते म्हणाले. "धुताना."

ती शाई एकोणीस वर्षांत कधी गेली नव्हती. मग ते उठले, वाकले, "समजलं" म्हणाले आणि बाहेर पडले. मला त्यांचाही राग आला. व्हरांड्यात गाठून म्हटलं, "समजलं काय समजलं? तुमचे टब उचलतायत आणि तुम्ही वाकता? जरा आवाज तरी करा!" ते म्हणाले, "टबाचं नंतर बघू. आधी मुलीचं." आणि गेले झाडांना पालापाचोळा घालायला.

रविवारी ते फुकुमांच्या घरी गेले. हे त्यांनीच मला सोमवारी सांगितलं, माझ्या मागच्या पायरीवर बसून, तुकड्यातुकड्यांनी. आईनं चहा दिला. पोर सरकत्या दाराच्या आड, बाहेर यायला तयार नाही. मग ते दाराशीच बोलले.

"नंबर सतरा, तुझी खोकी बघितली. फार छान धुतली होतीस."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"सगळ्यांनी भरली. तू का नाही भरलीस?"

आतून आवाज आला, "तुम्ही बरे होऊन आल्यावर तुम्हालाच उघडायला लागली असती ना."

हे सांगताना कादोवाकींनी टोपी काढून पुन्हा घातली. माझ्या तर डोळ्यांना धारा लागल्या. शाळेतल्या सोळा मोठ्या माणसांपैकी एकाला तरी हे सुचलं होतं का, की आपण जे करतो ते पुढे कुणाला तरी निस्तरावं लागतं?

"आणि शाळेत का येत नाही?" मी विचारलं.

"माझ्यामुळे मोडेल म्हणते. मोडली तर सगळे तिलाच म्हणणार."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, बुधवारी ये. बुधवारी कलेजी आहे."

"अहो!" मी कपाळावर हात मारला. "पोरीला बोलवायला दुसरा दिवस नव्हता?"

"म्हटलं, तुझ्यामुळे मोडणार नाही. शब्द दिलाय," ते म्हणाले आणि उठले.

बुधवार, एकोणसाठावा दिवस. कादोवाकींनी सुतो बाईंना विचारून तिसरीबरोबर जेवायचं ठरवलं. आमच्याकडे शाळेतली माणसं अधूनमधून वर्गात जेवतात, त्यात कुणाला नवल वाटलं नाही. मी गाडी घेऊन गेले आणि परत आलेच नाही, व्हरांड्यात दाराशी उभी राहिले. चिसातो आलेली होती. रंग उडालेला, हात मांडीखाली दाबलेले. कादोवाकी तिच्या शेजारी त्या एवढ्याशा खुर्चीवर, गुडघे छातीशी घेऊन बसलेले. पांढरे अंगरखे घातलेल्या मुलांनी वाढलं, चोवीस समान वाटे, बाईंचा एक आणि कादोवाकींचा एक. सगळ्यांनी हात जोडले.

आणि पहिला घास घ्यायच्या आत कादोवाकी उठले. कलेजीची वाटी घेऊन पातेल्यापाशी गेले आणि दोन तुकडे ठेवून बाकीची त्यांनी सगळ्यांदेखत परत ओतली.

"मला कलेजी आवडत नाही," ते म्हणाले. "चौसष्ट वर्षांचा झालो, अजून नाही आवडत. दोन खाईन. बाकीची नको."

"कादोजी!" मागून एक पोरगा किंचाळला. "मोडेल ना!"

"मोडली," कादोवाकी म्हणाले. "कुणामुळे मोडली?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"कुणामुळे मोडली, सांगा."

"कादोजींमुळे," दोघंतिघं पुटपुटली.

"मोठ्यानं."

"कादोजींमुळे!"

"हं. कुणी विचारलं तर हेच सांगायचं. आता ज्याला जेवढं झेपणार नाही तेवढं इथे आणून ठेवा. या पातेल्यात. खोक्यात नको, नळात नको."

आणि ते आपल्या जागी येऊन बसले आणि दोन तुकडे तोंड वाकडं करत खायला लागले. पहिलं कोण उठलं असेल? सुतो बाई. चेहरा लालबुंद. वाटी घेऊन पातेल्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "मलाही नाही आवडत. लहानपणापासून." मग मात्र रांगच लागली. कुणी गाजर, कुणी भात, कुणी सगळीच कलेजी, एकानं तर वाटी चाटून बघितली आणि म्हणाला, "मला आवडते, मला द्या!" त्याला चौघांनी आपली दिली. चिसातो सर्वांत शेवटी गेली. अर्धी ओतली, अर्धी ठेवली, आणि जेवायची वेळ संपायच्या आत तिचा ट्रे रिकामा होता. झाडलोटीला ती इतरांबरोबर झाडू घेऊन उभी राहिली तेव्हा मी व्हरांड्यात उभी राहून एप्रनला नाक पुसलं, कुणी बघितलं असेल तर बघो.

पातेलं घेऊन दोन मुलं आली. "मावशी, उरलंय," असं इतक्या घाबरत म्हणाली, जणू खिडकी फोडून आली आहेत. म्हटलं, "द्या इकडे, छान." दोन किलो शंभर. मी ठळक अक्षरात लिहिलं.

शाई वाळायच्या आत आओतो हजर. कानावर गेलंच होतं. "कात्सुबे-सान, कादोवाकी-सान कर्मचारी आहेत. त्यांचा वाटा वर्गात धरता येणार नाही. तेवढा वजा करा."

"या की," मी म्हटलं आणि चिमटा त्यांच्या हातात दिला. "त्यांचे तुकडे कुठले ते वेचून घ्या."

त्यांनी पातेल्यात डोकावून बघितलं. बराच वेळ बघितलं. चिमटा ओट्यावर ठेवला आणि गेले.

तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली, सत्याचा विजय झाला. छे! शुक्रवारी कार्यालयाची माणसं आली, चहा प्याली, तक्त्याचे फोटो काढून गेली. साठ नाही तर नाही, अठ्ठावन्न दिवस काय थोडे झाले? मार्चमध्ये प्रोत्साहनपर मानपत्र आलं, सोनेरी चौकटीत. त्यात लिहिलंय, मुलांनी आनंदानं कणन्‌कण संपवला. आनंदानं! टब पडवीत उपडे पडले आहेत. धाकट्यांची खोकी बंद केली ती केली, एप्रिलपासून मोठ्यांचीही बंद. सगळी जाळतात. स्वच्छतेच्या दृष्टीनं.

मार्चच्या शेवटच्या दिवशी बदलून जाणाऱ्या शिक्षकांचा निरोपसमारंभ झाला. फुलं दिली, भाषणं झाली. कादोवाकींचं नाव यादीत नव्हतं, करारावरच्या माणसाचं नसतं म्हणे. ते बाहेर दाराशी पायपुसणी झटकत होते. समारंभ आटोपून आओतो चौकट हातात घेऊन आले. मी तिथेच होते.

"कादोवाकी-सान, जाण्यापूर्वी एवढं काम करून जा. तक्ता काढा आणि तिथे एक खिळा ठोकून हे लावा."

कादोवाकींनी हात पँटला पुसले. चौकट घेतली. मानपत्र वरपासून खालपर्यंत वाचलं, सावकाश, ते सगळंच सावकाश वाचायचे. मग दोन्ही हातांनी, वाकून, ते परत दिलं.

"हे मला जमणार नाही," ते म्हणाले. "यातले बावन्न दिवस ती मुलगी धुळीत बसून जेवली. उरलेले सहा दिवस ती घरी होती."

हेडमास्तरांनी मग स्वतःच खिळा ठोकला. एकोणीस वर्षांत त्या माणसानं शाळेचं नाकारलेलं हे एकच काम.